लालबागचे पिरॅमिड

आमच्या बऱ्हाणपुरात जगातली प्रसिद्ध ठिकाणे एका फोटोवाल्याच्या दुकानात होती.

दुकान लालबागला, स्टेशनाहून शहराकडे येणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या खोलीत एक बाक, आरसा आणि दोरीने बांधलेला कंगवा. मागे काचेच्या छपराची लांब खोली आणि तिच्या टोकाला वाशावर गुंडाळून ठेवलेले रंगीत कापडी पडदे. दोरी सोडली की हवे ते ठिकाण खाली येई. ताजमहाल होता, लंडनचे नदीकाठचे घड्याळ होते, काशीचा घाट होता आणि मिसर देशातले पिरॅमिड होते. मुंबईच्या एका रंगाऱ्याने छापील चित्रे समोर ठेवून हे पडदे रंगवले, असे फोटोवाला सांगे. रंगारी स्वतः यांपैकी कुठेही गेला नसावा.

सर्वांत जास्त मागणी ताजमहालाला होती. बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटे. ज्या बेगमेसाठी तो बांधला ती वारली आमच्या शहरात, आधी पुरली तापीपलीकडच्या बागेत, आणि नंतर तिला आग्र्याला नेले. त्या बागेत तेव्हा शेळ्या चरत. कॅमेरा घेऊन आलेला एखादा साहेब किल्ला पाही, हमामखाना पाही, पण पलीकडे जायला नाव करायची म्हटले की परत फिरे. शहरातली जोडपी लग्नानंतर टांगा करून लालबागला जात आणि पडद्यावरच्या ताजमहालापुढे उभी राहत. बेगमेची पहिली जागा नदी ओलांडली की होती. तिथे फोटो काढावा असे कोणाला सुचल्याचे ऐकले नाही.

दुसरी मागणी काशीच्या घाटाला. यात्रा करून आलेले लोक मावंद्याचे जेवण घालण्याआधी लालबागला जाऊन, गंगेचा गडू हातात धरून, पडद्यावरच्या घाटापुढे फोटो काढून घेत. काशीत गर्दी, परका फोटोवाला, भाव माहीत नाही. त्यापेक्षा इथे बरे. याला कोणी खोटेपणा म्हणत नसे. माणूस काशीला जाऊन आलेला असे, फक्त फोटो लालबागचा असे. काही जण खंडव्याच्या पुढे गेलेच नव्हते, असेही बोलले जाई. फोटोवाला याबाबत तोंड उघडत नसे. पडद्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला कुठून आलात हे विचारायचे नाही, आणि दुसऱ्याने विचारले तर सांगायचे नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम होता.

याचा परिणाम असा झाला की शहरात आणि आसपासच्या गावांत फोटो हा पुरावा राहिला नाही. कोणाच्या भिंतीवर काशी दिसली की पाहुणा जवळ जाऊन घाटाच्या तिसऱ्या पायरीवरचे ठिगळ शोधी, आणि सापडले की समाधानाने मान हलवी. माझ्या थोरल्या बहिणीचा संसार या सवयीपायी मोडता मोडता राहिला.

जिजीला इच्छापूरला दिले होते. सासरची कापसाची शेती आणि कापसाचाच व्यापार. सासरे नव्हते. घर थोरल्या दिरांच्या हातात. इच्छापूर ते बऱ्हाणपूर कापसाचा बाजार त्यांना ओळखत असे. जिजीचे यजमान धाकटे. ते जिनिंग कारखान्यात कारकून होते. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा सरकार फौजेच्या रसदखात्यासाठी इंग्रजी येणारे कारकून भरत होते. यजमानांनी घरी खंडव्याला कामासाठी जातो म्हणून सांगितले. नंतर पत्र आले की नाव नोंदवले आहे आणि मी मिसर देशाला निघालो. पुढची पत्रे तुटक येत. त्यांत तब्येत बरी आहे, काळजी करू नये, एवढेच असे. गावाचे नाव नसे.

मग एका कापूस दलालाने इच्छापूरला येऊन सांगितले की तुमचा धाकटा मला मुंबईच्या बाजारात दिसला. हाक मारली तर गर्दीत शिरला. मिसरला निघाल्याचे पत्र येऊन तेव्हा बरेच दिवस लोटले होते. दलाल एवढेच बोलला. दुसरे बिऱ्हाड, दुसरी बाई, हे सगळे त्यात गावाने घातले.

अशा वेळी फोटो आला. यजमान खाकी कपड्यांत, डोक्यावर टोपी, हात पाठीमागे. मागे उंट, खजुराची झाडे, सिंहाच्या अंगाचे आणि माणसाच्या तोंडाचे ते प्रचंड दगडी जनावर, आणि त्याच्या खांद्यावरून दिसणारा पिरॅमिड. इच्छापूरच्या निम्म्या लोकांनी लालबागचा पडदा पाहिलेला होता. फोटो घरात फिरून संध्याकाळपर्यंत गावात फिरला, आणि सगळ्यांनी एकच नाव घेतले.

त्या हिवाळ्यात आमचे आईवडील काशी करून आले. मावंद्याला जिजीला आणायचे होते. थोरले दीर स्वतः तिला बैलांच्या दमणीत घालून घेऊन आले. सोबत तिची ट्रंक होती. जेवणापुरते माहेरी येणाऱ्या मुलीबरोबर बोचके येते, ट्रंक येत नाही. आईने ती पाहिली आणि माजघरात ठेवून घेतली.

जेवणे झाल्यावर दीर वडिलांजवळ ओसरीवर बसले. वडील शाळामास्तर होते. मी तेव्हा तहसिलीत उमेदवारी करत होतो आणि पानाचे तबक घेऊन तिथेच होतो.

"मास्तर, एक गोष्ट बोलू का?"

"बोला ना."

"फोटो पाहिला तुम्ही. लालबागचाच आहे ना?"

"सारखा दिसतो खरा."

"दिसतो काय, आहेच. तोच उंट, तीच झाडं, तेच थोबाड. अन् तिकीट पाहा. मिसरवरून आलं तं तिथल्या राजाचं तिकीट पाहिजे का नाही? हे आपल्याच बादशाचं. टपालाच्या शिक्क्यात गावाचं नाव नाही. वरून दलालानं त्याले मुंबईत पाहिलं."

"फौजेचं टपाल असंच येत असेल."

"येत असेल! मास्तर, तुम्ही पोरांले गणित शिकवता. तिथं असेल-नसेल चालते का?"

वडिलांनी सुपारी कातरायला घेतली. दीर आवाज उतरवून म्हणाले, "माझा तिच्यावर राग नाही. पण गाव आमच्या तोंडावर हसते. नवरा असा निघाला, तं बायको कोणाच्या नावानं ठेवायची घरात? राहू द्या इथं. बोलावणं पाठवू."

बोलावणे कधी पाठवू, हे त्यांनी सांगितले नाही. वडिलांनी विचारले नाही. दमणी रिकामी परत गेली.

त्यानंतर आमच्या घरात प्रत्येकाचा संशय वेगळा होता. वडिलांना जावयाचा होता. न सांगता फौजेत जाणारा माणूस न सांगता आणखी काहीही करील, असे ते म्हणत. आईला दिरांचा होता. धाकट्याची बायको घराबाहेर पडली की शेताचा वाटा मागायला कोणी उरत नाही, हे तिचे म्हणणे. मला दलालाचा होता, कारण तो हाक मारल्याचे सांगत होता पण कोणत्या नावाने मारली हे दर वेळी वेगळे सांगत होता. जिजीला कोणाचा संशय होता ते तिने सांगितले नाही. सकाळी विहिरीवर ती बायकांच्या आधी जाऊन येई. टाकलेली हा शब्द अजून कोणी उच्चारला नव्हता. तो उच्चारला जाण्याच्या आत काहीतरी व्हायला हवे, हे मात्र सगळ्यांना कळत होते.

तिकिटाचा खुलासा मला फार पुढे, वर्तमानपत्राच्या कचेरीत कामाला लागल्यावर मिळाला. समुद्रापार गेलेल्या हिंदी फौजेच्या टपालाला हिंदुस्थानचेच तिकीट लागे, त्यावर काळी इंग्रजी अक्षरे छापलेली असत, आणि शिक्क्यात गावाचे नाव मुद्दाम नसे. आमच्या पाकिटावर ती अक्षरे होती. ती काय आहेत हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते, आणि पोस्टमास्तराला विचारले तर बोभाटा होईल म्हणून कोणी विचारले नाही.

आईचा काशीचा फोटो राहिला होता. मावंद्याच्या गडबडीत जमले नव्हते. एका रविवारी दुपारी आई, जिजी आणि मी टांग्याने लालबागला गेलो. वडील आले नाहीत. आई गडू घेऊन घाटापुढे बसली, फोटोवाला काळ्या कापडात शिरला, बाहेर आला, झाले म्हणाला. मग जिजी म्हणाली, "मिसरचा पडदा सोडता का?"

फोटोवाल्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. तिचे सासर त्याला माहीत होते. इच्छापूरहून आधीच दोघे जण येऊन गेले होते, असे नंतर कळले. त्याने दोरी सोडली.

जिजीने पदराखालून फोटो काढला आणि पडद्यासमोर धरला. मीही मागून पाहत होतो. वडील सारखा दिसतो म्हणाले होते, ते कमीच होते. जनावराचे तोंड त्याच बाजूला वळलेले. पिरॅमिडचे टोक त्याच्या डोक्याच्या त्याच बाजूला. पडद्यावरचा उंट बसलेला होता आणि फोटोतला उभा, पण उंट उठूही शकतो, असे इच्छापूरला कोणी म्हणालेच होते. फोटोत वाळू पायापर्यंत आलेली होती. पडदा जमिनीला टेकतो तिथली घडी झाकायला फोटोवाला मात्र शेवंतीच्या कुंड्या ठेवी. हा फरक मी जिजीला दाखवला.

"वाळू टाकता येते," ती म्हणाली. "दारात नदी आहे."

मग तिने फोटोवाल्याला विचारले, "हे इथे येऊन उभे राहिले होते का?"

"बाईजी, इथं कोण आलं अन् कोण गेलं, मी सांगत नाही. माझा धंदा आहे."

"नाही आले, एवढं तरी सांगा."

"आज तुम्हाले नाही म्हणलं, तं उद्या दुसऱ्याले पण सांगावं लागन. मग माझ्याकडे कोण येईल?"

आई पुटपुटली, "मेल्याच्या तोंडात बोळा कोंबलाय." फोटोवाल्याने ते ऐकले आणि कुंड्या सरळ करू लागला.

जिजी पडद्याजवळ गेली. तिने कडेचे कापड बोटाने उचलून पाहिले आणि मग पडद्याच्या मागे जायला निघाली.

"अहो बाईजी, तिकडे नका जाऊ. तिकडे काही नाही."

"काही नाही तेच पाहायचंय."

ती मागे गेली. मी कडेला उभा राहून पाहिले. मागून पडदा म्हणजे पोत्याच्या रंगाचे कापड होते. त्यावर खळीचे डाग, पाठीमागून शिवलेली ठिगळे, रंगाऱ्याने कुंचला पुसलेले पट्टे. भिंतीला फोटोवाल्याचा सदरा वाळत घातला होता आणि खाली जेवणाचा डबा होता. जिजी तिथे जरा वेळ उभी राहिली. आईने हाका मारल्यावर बाहेर आली.

टांग्यात बसल्यावर तिने मला विचारले, "भाऊजी बाजारात कापूस कसा पाहतात, पाहिलंयस का तू?"

मी पाहिले होते. सगळेच व्यापारी तसे पाहत, पण तिचे दीर त्यात नावाजलेले. शेतकरी गाडीत वर चांगला कापूस पसरतो, ओला आणि पिवळा खाली जातो. दीर वरच्या कापसाकडे बघतही नसत. बाही खांद्यापर्यंत सारून हात गाडीच्या तळाशी घालत, मूठभर कापूस ओढून काढत आणि त्यावर भाव बोलत. तळाचा कापूस हातात आला की मग त्यांच्याशी वाद घालता येत नसे, आणि तेही घालत नसत.

"त्यांना पुढून काढलेले शंभर फोटो दाखवले तरी ते मुंबईतले शंभर पडदे म्हणतील," जिजी म्हणाली. "त्या जनावराचा मागून काढलेला फोटो पाहिजे. मागची बाजू रंगवायला पैसे कोण देतंय?"

"आणि तो आलाच नाही तर?" आईने विचारले.

जिजीने फोटो पुन्हा पदराखाली घातला.

पत्र तिनेच लिहिले. पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत हवा म्हणून तो मी घातला: फौजेच्या तुकडीचे नाव, आकडा, आणि गाव नाही. पत्रात तिने संशयाचा उल्लेख केला नव्हता. आधीचा फोटो मिळाला, सगळ्यांना आवडला, आता त्याच ठिकाणी पाठीमागच्या बाजूने उभे राहून एक काढून पाठवावा, लवकर पाठवावा, एवढेच होते. मी म्हणालो, कारण लिही, नाहीतर माणूस कशाला काढील. ती म्हणाली, "कारण लिहिलं तर मुंबईत असले तरी काहीतरी जुळवतील. नाही लिहिलं तर मुंबईत बसून काय करतील?" तेव्हा मला प्रथम समजले की तिलाही खात्री नव्हती.

चैत्रात इच्छादेवीची यात्रा भरते. इच्छापूरच्या घरांतून माहेरी गेलेल्या सुनांना ओटी भरायला हमखास बोलावणे जाते. त्या वर्षी जिजीला आले नाही. आमच्या आळीतल्या बायकांनी आईला मुद्दाम विचारले, यंदा यात्रेला कधी निघणार. आईने जिजीला बरे नसल्याचे सांगितले. वडिलांनी ट्रंक माजघरातून उचलून आतल्या खोलीत, आमच्या सामानात ठेवली. जिजीने ती संध्याकाळी परत माजघरात, दाराशी आणून ठेवली.

पाकीट आले तेव्हा घरात लोणच्याच्या कैऱ्या फोडणे चालू होते. वडिलांनी ते जिजीच्या हातात दिले. तिने हात पुसले, पाकीट उघडले, फोटो पाहिला, आणि आईकडे देऊन पुन्हा कैऱ्यांकडे बसली.

फोटो वाईट होता. यजमान एका कडेला उन्हात डोळे बारीक करून उभे होते आणि वैतागलेले दिसत होते. त्यांच्या मागे दगडांचा एक झिजलेला, आकार नसलेला ढीग होता. तोच त्या जनावराचा मागचा भाग. वाळूत तो पाठीपर्यंत बुडालेला होता. लांबवर पिरॅमिडच्या फुटक्या कडा. एक गाढव आमच्याकडे शेपूट करून उभे. दोरीवर फौजेतल्या लोकांचे कपडे वाळत होते, आणि खाली एक माणूस उकिडवा बसून काही खात होता. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते की इथे सगळे पुढून फोटो काढतात, तुला मागून का हवा ते समजले नाही, इथल्या फोटोवाल्यानेही दोनदा विचारले, सोबतचे लोक हसले.

दुसऱ्या दिवशी वडील आणि मी इच्छापूरला गेलो. जिजी आली नाही. बोलावल्याशिवाय येणार नाही, म्हणाली.

दीर ओसरीवर होते. वडिलांनी फोटो पुढे केला. दिरांनी तो घेतला, उजेडाकडे धरला, मग उलटा करून मागचा कागद पाहिला, पुन्हा सरळ केला. आतून त्यांची आई आली. तिने मुलाच्या हातातून फोटो ओढून घेतला.

"हे काय आहे? आपल्या खळ्यामागची टेकडी दिसते."

"मिसर आहे," दीर म्हणाले.

"हे मिसर? अन् तो कपडे कोणाचे धुतो तिथं?"

"तो नाही धुवत, माय. लोकाचे आहेत."

"किती वाळला पोरगा. डोळे पाहा कसे केले." ती फोटो घेऊन तिथेच पायरीवर बसली.

दिरांनी वडिलांकडे पाहिले. "मागून काढायचं कोणाच्या डोक्यात आलं?"

"तुमच्या भावजयीच्या."

ते आईच्या हातातल्या फोटोवर पुन्हा वाकले. मग म्हणाले, "असा पडदा कोणी रंगवणार नाही. रंगवला तं त्याच्यापुढे उभा कोण राहील?" आणि आत वळून गड्याला हाक मारली, "दमणी जुंप रे. बऱ्हाणपूरले जायचं आहे."

वाटेत वडिलांनी त्यांना दलालाचे काय, असे विचारले. दीर म्हणाले, त्याची नजर अधू आहे, कापूसही त्याला नीट दिसत नाही. त्याच दलालाची साक्ष त्यांनी आमच्या ओसरीवर दिली होती. त्या संध्याकाळी जिजी ट्रंकेसह सासरी गेली.

युद्ध संपल्यावर यजमान परत आले आणि पुन्हा जिनिंगमध्ये लागले. त्यांचा पुढून काढलेला फोटो जिजीने ट्रंकेत ठेवला आणि मागून काढलेला चौकट करून बाहेरच्या खोलीत लावला. नवा पाहुणा तो पाहून विचारी की ही कोणती टेकडी. लालबागचा फोटोवाला एकदा कामासाठी इच्छापूरला आला होता, तेव्हा त्याने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि अशा फोटोला गिऱ्हाईक मिळणार नाही, असे मत दिले.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मी इच्छापूरला गेलो असताना, जिजीने एक गोष्ट सांगितली. दलाल खोटे बोलला नव्हता. मिसरला निघालो असे पत्र टाकल्यावर जहाज मिळाले नाही, आणि तो सगळा पावसाळा यजमान मुंबईच्या छावणीत होते. घरी कळवले असते तर त्यांची आई येऊन परत घेऊन गेली असती, म्हणून कळवले नाही. बाजारात दलालाची हाक ऐकून ते गर्दीत शिरले, तेही खरे. हे त्यांनी स्वतः तिला सांगितले होते.

"सगळा पावसाळा छावणीतच होते?" मी विचारले.

ती सरकीतला कचरा निवडत होती. निवडत राहिली.

"तसं ते म्हणतात," ती म्हणाली. "तिथे मी हात घातला नाही."